‘नजर चेंडूवर ठेव!’

शाळेच्या मैदानावर शिक्षकांच्या तोंडून सर्वांत जास्त वेळा निघणारे वाक्य कोणते? पाहणी न करताही सांगता येईल : ‘अरे, नजर चेंडूवर ठेव!’ मुलगा क्रिकेट खेळत असो, सॉफ्टबॉल खेळत असो की आता शालेय स्पर्धांत आलेला बेसबॉल. बॅट हवेत फिरली आणि चेंडू मागे निघून गेला की हे वाक्य येतेच. त्याच्या पाठोपाठ क्रिकेटमध्ये दुसरे वाक्य येते : ‘उचलू नकोस, जमिनीलगत मार.’

ही दोन्ही वाक्ये आपण आपल्या शिक्षकांकडून ऐकली, त्यांनी त्यांच्या शिक्षकांकडून. इतकी जुनी वाक्ये तपासून पाहण्याचे आपल्या मनातही येत नाही. पण विज्ञानाच्या शिक्षकाने ती एकदा तपासावीत. ही वाक्ये कोठून आली? ती खरी आहेत का? आणि मुलाला चेंडू मारायला शिकवणे म्हणजे नेमके काय शिकवणे? या प्रश्नांची सुरुवात आपल्याला नागपुरातूनच करता येते.

नागपूरचा मुलगा, मुंबईचे मैदान

डिसेंबर १९२६ ची पहिली तारीख. मुंबईच्या जिमखाना मैदानावर इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाचा सामना हिंदू संघाशी चालू होता. त्या काळी मुंबईतील मोठे सामने धर्मानुसार बनवलेल्या संघांत होत, म्हणून हे नाव. पाहुण्यांच्या गाय अर्ल याने आपल्या १३० धावांत आठ षटकार मारून प्रेक्षकांचे डोळे दिपवले होते. हिंदू संघाच्या डावात सी. के. नायडू खेळायला आले आणि त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा केल्या. त्यांत षटकार होते अकरा! पाहुण्यांनी या खेळीबद्दल नायडूंना चांदीची बॅट भेट दिली.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात एका तेलुगू भाषक वकील घराण्यात झाला. शिक्षण हिस्लॉप शाळेत. ही शाळा ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते आणि हौशी भूशास्त्रज्ञही होते. नागपूर परिसरातील जीवाश्मांचा त्यांनी केलेला अभ्यास भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असेल. शाळेच्या क्रिकेट संघाचे कर्णधारपद नायडूंकडे आले. १९१६ साली ते मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत युरोपियनांविरुद्ध हिंदू संघातून प्रथम श्रेणीचा पहिला सामना खेळले. पहिले तीन चेंडू त्यांनी नुसते अडवले आणि चौथा सीमापार भिरकावला, असे त्या सामन्याबद्दल सांगतात.

१९२३ साली होळकर महाराजांच्या बोलावण्यावरून ते इंदूरला गेले आणि तिथल्या सैन्यात अधिकारी झाले. पुढे २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर भारत आपला पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा कर्णधार होते नायडू. त्या सामन्यात भारताच्या पहिल्या डावातील सर्वाधिक धावा त्यांच्याच होत्या : ४०. त्या संपूर्ण दौऱ्यात त्यांनी ३२ षटकार मारले. बर्मिंगहॅमच्या मैदानावर त्यांनी मारलेला एक चेंडू शेजारच्या री नदीपलीकडे, म्हणजे दुसऱ्या परगण्यात जाऊन पडला, ही गोष्ट आजही सांगितली जाते. ‘विस्डेन’ या वार्षिकाने १९३३ साली वर्षातील पाच उत्कृष्ट खेळाडूंत त्यांची गणना केली.

या षटकारांचे मोल कळायला एक तपशील लक्षात घ्यावा लागतो. इंग्लंडमध्ये १९१० पूर्वी चेंडू नुसता सीमारेषेपलीकडे टप्पा न पडता गेला तर सहा धावा मिळत नसत. तो मैदानाच्याच बाहेर जावा लागे. म्हणजे नायडू शाळेत शिकत होते तेव्हा उंच मारण्यात धोका पुरेपूर होता आणि बक्षीस तुटपुंजे. नियम बदलला, पण शिकवणारे आणि शिकवण्याच्या पद्धती नियमाइतक्या लवकर बदलत नाहीत.

पुस्तकातली फलंदाजी

जमिनीलगत मारण्याचा उपदेश चुकीचा होता असे मात्र म्हणता येणार नाही. त्यामागे सरळ हिशेब आहे. क्रिकेटमध्ये फलंदाज एकदा झेल देऊन बसला की त्याचा डाव संपतो. दिवसभर खेळण्याची संधी एका चेंडूत जाते. जमिनीवरून जाणाऱ्या चेंडूचा झेल घेता येत नाही. म्हणून बॅट सरळ, डावे कोपर वर, डोके स्थिर, पाय चेंडूच्या रोखाने. इंग्लंडमधल्या शाळांतून ही घडी बसत गेली आणि १९५२ साली एम. सी. सी. ने प्रशिक्षणाचे अधिकृत पुस्तक काढले तेव्हा ती छापील झाली. आपल्याकडेही मुंबईत फलंदाजीचे जे घराणे तयार झाले त्याचा पहिला धडा ‘आपली विकेट फेकायची नाही’ हाच होता. विजय मर्चंट यांची प्रथम श्रेणीतील ७१ हून अधिक सरासरी हे त्या धड्याचे फळ. तेव्हा या शिस्तीला हसण्याचे कारण नाही.

पण शिस्त लावताना काय होते याची एक मौजेची गोष्ट आहे. रणजितसिंहजी केंब्रिजला शिकत असताना वेगवान चेंडू आला की मागे सरत. ही खोड मोडण्यासाठी सरावाच्या वेळी त्यांचा उजवा पाय जमिनीला जखडून ठेवत असत, असे सांगतात. पाय हलत नाही आणि चेंडू अंगावर येतो, अशा अडचणीत त्यांनी शरीर थोडे वळवून मनगटाच्या हलक्या झटक्याने चेंडू पायामागच्या बाजूला वळवायला सुरुवात केली. त्यातून ‘लेग ग्लान्स’ हा फटका प्रसिद्धीस आला. शिकवणाऱ्याला हवे होते एक, शिकणाऱ्याने शोधले दुसरेच! १८९७ साली रणजींच्या नावाने क्रिकेटवरचा मोठा ग्रंथ निघाला, तोवर हा फटका त्यांची ओळख झाला होता.

शिक्षकाने या गोष्टीतून घ्यायचे ते असे की, विद्यार्थ्याच्या शरीराने नेमकी कोणती हालचाल करावी हे बाहेरून ठरवून देता येतेच असे नाही. त्याच्यापुढे अडचण नीट मांडली तर उत्तर पुष्कळदा तो स्वतः शोधतो.

टाकीची भिंत आणि विटीदांडू

याहूनही बोलके उदाहरण डॉन ब्रॅडमनचे. ऑस्ट्रेलियातील बाउरल या लहान गावात घरामागे पावसाचे पाणी साठवण्याची टाकी होती. टाकीखाली विटांचे गोल बांधकाम. लहानगा ब्रॅडमन त्या भिंतीवर गोल्फचा चेंडू फेकी आणि परत येणारा चेंडू क्रिकेटच्या स्टंपने मारी. गोल्फचा चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा कितीतरी लहान, टणक आणि उसळणारा. स्टंप बॅटपेक्षा कितीतरी अरुंद. भिंत वक्र, त्यामुळे चेंडू दर वेळी वेगळ्या दिशेने परत येणार. इथे ‘कोपर वर धर’ सांगणारे कोणी नव्हते. मोठेपणी त्याची बॅट धरण्याची आणि मागे उचलण्याची पद्धत पुस्तकात बसत नव्हती, पण ५२ कसोटी सामन्यांत त्याची सरासरी ९९.९४ राहिली.

गंमत म्हणजे या ब्रॅडमनने सगळ्या कसोटी कारकिर्दीत मिळून षटकार मारले फक्त सहा. नायडूंनी एका डावात मारले अकरा. म्हणजे चेंडू उंच मारावा की जमिनीलगत, हा खरा प्रश्न नव्हेच. दोघांनाही जे येत होते ते त्याच्या आधीचे होते : चेंडू कोठे आणि केव्हा येईल हे ओळखणे. ते साधले की मग कोठे मारायचा ही ज्याची त्याची निवड.

आपल्याकडे हे ओळखणे शिकवणारा खेळ गल्लोगल्ली खेळला जात असे. विटीच्या निमुळत्या टोकावर दांडूने टोला दिला की ती तरफेप्रमाणे उसळते. ती किती उंच उडेल, किती गिरक्या घेईल, हे टोल्याच्या जागेवर आणि जोरावर ठरते आणि दर वेळी थोडे बदलते. खाली येण्यापूर्वी ती मारायची. इथे टाकणारा आणि मारणारा एकच, त्यामुळे आठ वर्षांचे मूलही स्वतःच्या चुकीचे कारण स्वतः समजू शकते. या खेळात अंतर मोजताना म्हटले जाणारे ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ हे शब्द तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या आकड्यांशी नाते सांगतात, ही गोष्ट भाषेच्या शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावी.

बेसबॉल : चुलत भाऊ

चेंडू मारणे या एकाच कौशल्यावर सर्वांत बारकाईने विचार झाला तो अमेरिकेत, बेसबॉलमध्ये. नियम सोडून देऊन निव्वळ भौतिकी पाहिली तर हा खेळ क्रिकेटचा चुलत भाऊ आहे. चेंडू टाकणाऱ्याला तिथे पिचर म्हणतात. तो १८.४४ मीटरवरून चेंडू टाकतो; हे अंतर १८९३ पासून कायम आहे. क्रिकेटच्या दोन यष्ट्यांमधले अंतर २०.१२ मीटर. चेंडूंचे वजन जवळपास सारखे. फरक असा की बेसबॉलचा चेंडू टप्पा न पडता येतो, आणि बॅट चपटी नसून दंडगोल असते. गोल बॅटने गोल चेंडू मारायचा. किंचित वरखाली झाले तरी चेंडू आभाळात किंवा पायाशी.

दुसरा फरक शिकवणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. क्रिकेटमध्ये बाद झालेला फलंदाज तंबूत परततो. बेसबॉलमध्ये त्याला त्याच सामन्यात पुन्हा तीन-चार संधी मिळतात. टेड विल्यम्स या नामवंत फलंदाजाची १९४१ सालची सरासरी होती .४०६. म्हणजे दर दहा संधींत चार वेळा यश आणि सहा वेळा अपयश, आणि ही कामगिरी अद्वितीय मानली जाते! ज्या खेळात सर्वोत्तम माणूसही अर्ध्याहून अधिक वेळा चुकतो, तिथे चुकणे हा गुन्हा राहत नाही. ते शिकण्याचे साधन होते.

विल्यम्सने १९७० च्या सुमारास ‘फटका मारण्याचे शास्त्र’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. त्यात एक चित्र आहे. फलंदाजासमोर ज्या आयतात चेंडू मारण्याजोगा असतो तो त्याने आडव्या ७ आणि उभ्या ११ अशा ७७ चेंडूंनी भरला आणि प्रत्येक जागी आपली सरासरी किती राहील ते लिहिले. मध्यभागी .४०० आणि बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात .२३०. फलंदाज तोच, ताकद तीच. फक्त चेंडूची निवड बदलली की यश जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून त्याचा पहिला सल्ला होता : मारण्याजोगा चेंडू निवड. विल्यम्सची नजर इतकी तीक्ष्ण की फिरत्या ग्रामोफोन तबकडीवरची अक्षरे तो वाचतो, अशी आख्यायिका होती. ती त्याने स्वतःच खोडून काढली. आपले यश डोळ्यांपेक्षा विचाराचे आणि पिचर आता काय टाकेल या अंदाजाचे आहे, असे त्याचे म्हणणे होते.

त्याचे हे म्हणणे बरोबर होते का? त्यासाठी प्रयोगशाळेकडे वळावे लागेल.

डोळ्यांची परीक्षा

आधी थोडे गणित. वेगवान गोलंदाजाचा चेंडू ताशी १४० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३९ मीटर जातो. हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंतचे अंतर साधारण १८ मीटर धरले आणि टप्प्यावर वेग घटतो हे जमेस धरले तर हाती उरतो अर्धा सेकंद. बेसबॉलमध्ये तर याहूनही कमी, ०.४ सेकंदाच्या आसपास. त्यातला सुमारे ०.१५ सेकंद नुसती बॅट फिरवण्यात जातो. म्हणजे निर्णय घ्यायला पाव सेकंद. फटका एकदा सुरू झाला की त्यात दुरुस्ती करायला वेळ नाही.

आता नजरेचे पाहू. नागपूर स्टेशनच्या फलाटावर उभे राहून इटारसीकडून न थांबता जाणारी मालगाडी येताना पाहा. दूर असताना इंजिन जागच्या जागी उभे असल्यासारखे दिसते. जवळ येते तसे ते झपाट्याने बाजूला सरकते आणि समोरून जाताना मान कितीही वळवली तरी एका डब्यावर नजर ठरत नाही. गाडीचा वेग तोच आहे. बदलला तो आपल्या डोळ्याशी होणाऱ्या कोनाच्या बदलाचा दर, म्हणजे कोनीय वेग. चेंडूचेही तसेच. शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये त्याचा कोनीय वेग इतका वाढतो की मानवी डोळा त्याच्या मागे राहतो.

१९५४ साली हबर्ड आणि सेंग या अमेरिकी संशोधकांनी व्यावसायिक बेसबॉल फलंदाजांचे चलच्चित्रण करून पाहिले. चेंडू बॅटवर येण्याआधीच त्यांच्या डोळ्यांनी चेंडूचा पाठलाग सोडलेला आढळला. १९८४ साली बहिल आणि लारिट्झ यांनी दोरीने खेचलेला प्लास्टिकचा चेंडू वापरून मोजमाप केले. सामान्य विद्यार्थ्यांच्या नजरेतून चेंडू पावणेतीन मीटरवर निसटला. व्यावसायिक खेळाडूने तो सुमारे १.७ मीटरपर्यंत पकडून ठेवला. पण शेवटपर्यंत कोणालाच तो दिसला नाही. ‘नजर चेंडूवर ठेव’ हा उपदेश शब्दशः पाळणे माणसाच्या डोळ्यांना शक्यच नाही!

मग चांगल्या खेळाडूची प्रतिक्षिप्त हालचाल इतरांहून जलद असते का? १९८७ साली पीटर मॅक्लिऑड यांनी इंग्लंडच्या कसोटी फलंदाजांना घेऊन प्रयोग केला. चटईखाली लाकडाच्या पट्ट्या ठेवल्या, म्हणजे टप्पा पडल्यावर चेंडू कोणीकडे वळेल हे आधी कळू नये. चेंडू वळल्यानंतर बॅटची दिशा बदलायला या नामवंतांना लागला सुमारे ०.२ सेकंद. सामान्य माणसालाही तेवढाच लागतो. थोर फलंदाजाची मज्जासंस्था आपल्यापेक्षा वेगवान नसते.

कोडे सुटत गेले ते २००० साली. लँड आणि मॅक्लिऑड यांनी वेगवेगळ्या दर्जाच्या तीन फलंदाजांच्या डोक्यावर डोळ्यांची हालचाल टिपणारा कॅमेरा बसवला आणि यंत्रातून सेकंदाला २५ मीटर वेगाने चेंडू सोडले. हा वेग आपल्या शाळेतल्या चांगल्या गोलंदाजाचा म्हणायला हरकत नाही. तिघांचेही डोळे एकच गोष्ट करत होते. चेंडू सुटताना क्षणभर पाहिला, मग नजर त्याला सोडून एकदम पुढे उडी घेई, तो जिथे टप्पा पडणार त्या जागेवर, आणि तिथे चेंडूची वाट पाही! फरक एवढाच की तरबेज फलंदाजाची नजर ही उडी लवकर घेई. २०१३ साली मान आणि सहकाऱ्यांनी जगातील अव्वल फलंदाज तपासले, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली : त्यांचे डोके चेंडूबरोबर वळत राहते, आणि डोळे पुढे उडी घेऊन चेंडू बॅटला जिथे भेटणार तिथे आधीच पोचतात.

म्हणजे चांगला फलंदाज चेंडू जास्त वेळ पाहत नाही. तो लवकर ओळखतो. सुटण्याआधीचा गोलंदाजाचा हात, मनगट, खांदा; सुटल्यानंतरचे पहिले काही क्षण; एवढ्यावरून पुढचा मार्ग त्याच्या मनात तयार होतो. टेड विल्यम्स बरोबर होता.

करून पाहा

वर्गात हे पाच मिनिटांत दाखवता येते. एका विद्यार्थ्याला बोट आणि अंगठा थोडे विलग धरायला सांगा. त्यांच्यामध्ये ३० सेंटिमीटरची पट्टी शून्याचे टोक खाली करून उभी धरा आणि न सांगता सोडा. ती किती सेंटिमीटरवर पकडली ते नोंदवा. s = ½gt² या सूत्रावरून वेळ काढा. १५ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ०.१७ सेकंद, २० म्हणजे ०.२०, २५ म्हणजे ०.२३. वर्गातील सर्वोत्तम फलंदाजाची आणि कधी मैदानावर न जाणाऱ्या विद्यार्थ्याची वेळ शेजारी शेजारी लिहा. बहुधा फारसा फरक दिसणार नाही. नंतर ‘एक, दोन, तीन’ म्हणत ‘तीन’ला पट्टी सोडा. आता सगळेच ती फार लवकर पकडतील, क्वचित कोणी सोडण्याआधीच बोटे मिटेल. अंदाजाची ताकद हीच आणि अंदाजाचा धोकाही हाच. संथ चेंडूने फलंदाज फसतो तो याच कारणाने.

मग सराव कसा घ्यावा?

आपण सराव घेतो तो साधारण असा : आज फक्त पुढे येऊन खेळायचे चेंडू, उद्या फक्त आखूड टप्प्याचे. एकच चेंडू वीस वेळा. दहाव्या चेंडूपासून फटके झकास बसू लागतात, मुले खूश, शिक्षकही खूश. पण एकामागून एक तसाच चेंडू येणार हे ठाऊक असल्यावर ओळखण्याचे काम उरतच नाही. आपण मुलाचा हात तयार करतो, अंदाज नाही.

१९९४ साली हॉल, डॉमिंग्यूज आणि कॅव्हाझोस यांनी अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉल खेळाडूंवर याचा प्रयोग केला. तीस खेळाडू, तीन गट. दोन गटांना सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, नेहमीपेक्षा ४५ चेंडू जास्त दिले : १५ वेगवान, १५ वळणारे आणि १५ फसवे संथ. एका गटाला हे प्रकार एकेक करून मिळाले, दुसऱ्याला सरमिसळ करून. तिसऱ्या गटाला जादा सराव नव्हता. शेवटी चाचणी घेतली तेव्हा तिसऱ्या गटाची सुधारणा सुमारे ६ टक्के, एकेक प्रकार खेळलेल्या गटाची २५ टक्के आणि सरमिसळ खेळलेल्या गटाची ५७ टक्के भरली. चेंडू तितकेच, प्रकार तेच. फक्त क्रम बदलला होता.

या पद्धतीत एक अडचण आहे आणि ती शिक्षकाने आधीच समजून घ्यावी. शी आणि मॉर्गन यांनी १९७९ साली हाताच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात सरमिसळ सराव करणारे विद्यार्थी सरावाच्या वेळी मागे पडलेले दिसले. ते पुढे गेले ते काही काळाने घेतलेल्या चाचणीत. म्हणजे मैदानावर पाहणाऱ्या पालकाला किंवा मुख्याध्यापकांना वाटेल, ‘या सरांची मुले तर चुकतातच!’ चुका दिसू देण्याचे धैर्य इथे विद्यार्थ्यापेक्षा शिक्षकाला जास्त लागते. गणिताच्या शिक्षकांना हे नवे वाटणार नाही. एका प्रकरणाखाली त्याच प्रकारची वीस उदाहरणे सोडवणारा विद्यार्थी संमिश्र प्रश्नसंग्रह समोर आला की अडखळतो, कारण कोणते सूत्र लावायचे हे ओळखण्याचा सराव त्याला मिळालेलाच नसतो.

मैदानावर करता येण्याजोग्या काही गोष्टी अशा. लहान मुलांना टेनिसचा चेंडू द्या आणि गोलंदाजही आलटून पालटून मुलांनाच करू द्या. उंच, ठेंगणा, डावखुरा, वेगवान, संथ. एका मुलाला बॅट न देता नुसते उभे करा आणि टप्पा पडण्याआधी ‘पुढे’ किंवा ‘आखूड’ असे ओरडायला सांगा. बाकीच्यांनी बरोबर-चूक मोजावे. कधी बॅटऐवजी स्टंप द्या. फटका चुकला की ‘कोपर कुठे होते?’ असे विचारण्याआधी ‘चेंडू कुठे येईल असे वाटले होते?’ असे विचारा. उत्तर ऐकून पुढचा चेंडू टाका. चामडी चेंडू आला की शिरस्त्राण हवेच. अंदाज चुकण्याची मोकळीक द्यायची तर चुकण्याची किंमत डोक्याने मोजायची वेळ येता कामा नये.

आणि ‘नजर चेंडूवर ठेव’ या वाक्याचे काय? ते टाकून द्यायला नको, थोडे बदलायला हवे. ‘चेंडू सुटतो त्या हाताकडे बघ’ असे सांगितले तर ते पाळण्याजोगे आहे. ‘डोके चेंडूबरोबर वळू दे’ हेही पाळण्याजोगे आहे. ‘उचलू नकोस’ हे मात्र सामन्याच्या परिस्थितीवर सोडावे. शिकण्याच्या वयात चेंडू उंच मारणाऱ्या मुलाला दर वेळी जाळीबाहेर काढत राहिलो, तर त्याने चेंडू लवकर ओळखला होता ही खरी कमाई आपल्या नजरेतून सुटते.

शेवटी पुन्हा नागपूरच्या त्या मुलाकडे येऊ. होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला, त्या घडणीत नायडूंचा वाटा मोठा होता. पण त्यांचा सर्वांत नवलाचा विक्रम त्यानंतरचा आहे. १९५६-५७ च्या मोसमात ते उत्तर प्रदेशाकडून रणजी करंडकात खेळले, वयाच्या ६१ व्या वर्षी, आणि आपल्या शेवटच्या डावात त्यांनी ५२ धावा केल्या. साठीत डोळे मंदावतात, प्रतिसादाचा वेळ वाढतो, हे कोणत्याही डॉक्टरांना विचारावे. समोरचे गोलंदाज त्यांच्या नातवंडांच्या वयाचे. तरीही बॅट चेंडूला वेळेवर भेटत होती. चाळीस वर्षांत खेळलेल्या हजारो तऱ्हेतऱ्हेच्या चेंडूंनी त्यांना शिकवलेली ओळख वयाबरोबर गेली नव्हती.

आपल्या शाळेतही सहा आठवडे असा सरमिसळ सराव घेऊन पाहावा. सुरुवातीला आणि शेवटी वीस-वीस चेंडूंची चाचणी घ्यावी, किती चेंडू बॅटच्या मध्यावर बसले ते वहीत नोंदवावे, आलेख विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावा. मैदान हीसुद्धा एक प्रयोगशाळाच आहे. तिला फक्त वही-पेन्सिल लागते.